निरोपाची प्रत कोठे काढावी?



पत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव ‘मल्टिकास्ट’ असे छापले आहे. ते वाचूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल आभार मानून आम्ही सरळ विषयास हात घालतो. प्रश्न असा आहे : एकच निरोप पाचशे माणसांस एकाच वेळी द्यावयाचा असेल, तर त्याच्या पाचशे प्रती कोणी काढावयाच्या आणि कोठे काढावयाच्या? वरवर पाहता हा कारकुनी प्रश्न वाटेल. परंतु कोणास आधी कळावे आणि कोणास मागाहून, हे सर्व या ‘कोठे’ वर अवलंबून असते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून सुताचा भाव हा येथला श्वास आहे. भाव चढल्याची वार्ता ज्यास दुपारी कळली त्याने सूत भरून ठेवले, आणि ज्यास रात्री कळली तो खर्चीवाला दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणत राहिला, अशी उदाहरणे आपणां प्रत्येकाच्या माहितीत आहेत. तेव्हा आधी आणि मागाहून यांतील अंतर इचलकरंजीकरांस आम्ही शिकवावे असे नाही.

निरोप पोहोचविण्याच्या तीन रीती आपण रोज पाहतो. पहिली टेलिफोनची. एकास फोन लावला, सांगितले, ठेवला, मग दुसऱ्यास. शंभर जणांस सांगावयाचे तर शंभर वेळा तेच बोलावे लागते, आणि शंभराव्यास पहिल्यापेक्षा बऱ्याच उशिरा कळते. दुसरी रीत गिरणीच्या भोंग्याची. एकदा वाजला की सर्वांस कळते. ज्यांस कामावर जावयाचे त्यांस कळते, आणि ज्यांची नुकती रात्रपाळी संपून डोळा लागला आहे त्यांसही कळते. तिसरी रीत संघटनेची. २०१३ सालच्या संपाच्या दिवसांत सभेचा निरोप आम्ही असाच फिरविला. कचेरीतून कबनूरकडे एक माणूस, शहापूरकडे एक माणूस. शहापुरात त्या एका निरोपाचे दोन होत, एक तारदाळकडे जाई आणि एक यड्रावकडे. ज्या वस्तीत आपले सभासद नाहीत तिकडे कोणी जातच नसे. कचेरीतून निघाले ते दोनच. बाकीच्या प्रती रस्ता फुटतो तेथे, फाट्यावर निघाल्या.

संगणकांच्या जाळ्यात याच तीन रीती आहेत. पहिलीस युनिकास्ट म्हणतात, दुसरीस ब्रॉडकास्ट आणि तिसरीस मल्टिकास्ट. या तिसऱ्या रीतीचा पाया अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी घातला, आणि १९८९ च्या ऑगस्टमध्ये तिचे नियम लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाले. आता ती यंत्रात कशी उतरते ते पाहू.

बँकेत, हॉस्पिटलात, मोठ्या कारखान्याच्या कचेरीत भिंतीवर पत्र्याची चपटी पेटी असते. तिच्यात आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तारा खोचलेल्या असतात आणि हिरवे दिवे लुकलुकत असतात. तिचे नाव स्विच. ज्या भोकात तार खोचतात त्यास पोर्ट म्हणतात. जाळ्यातील प्रत्येक यंत्रास कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो. कोणत्या पोर्टवर कोणता क्रमांक आहे याची यादी स्विचला कोणी लिहून देत नाही. तो ती बोलणाऱ्याकडे पाहून शिकतो. सातव्या पोर्टवरून पॅकेट आले, त्यावर पाठविणाराचा क्रमांक होता, की स्विचने मनाशी नोंद केली : हा गृहस्थ सातव्या घरी राहतो. पुढे त्याच्या नावाचे काही आले की ते फक्त सातवर जाईल. आणि ज्याचा क्रमांक अजून ठाऊक नाही त्याच्या नावाचे आले तर? तर ते सर्व पोर्टांवर सोडून द्यावयाचे. ज्याचे असेल तो घेईल.

पद्धत साधी आहे आणि एकास एक निरोपापुरती उत्तम चालते. मल्टिकास्ट आले की मात्र ती अडते. मल्टिकास्टचा पत्ता एखाद्या घराचा नसतो, तो मंडळाचा असतो. इंटरनेटच्या जुन्या पत्तेपद्धतीत २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे सारे पत्ते यासाठी राखून ठेवलेले आहेत. आता मंडळाच्या नावाने पत्र येऊ शकते, पण मंडळ स्वतः कधी बोलत नाही. बोलतो तो त्यातील कोणीतरी एक, आणि आपल्या स्वतःच्या नावाने बोलतो. म्हणजे मंडळाचा पत्ता ‘पाठविणार’ या जागी कधीच दिसत नाही. स्विच तर बोलणाऱ्याकडूनच शिकतो! तेव्हा मंडळ कोठे राहते हे त्यास जन्मभर कळावयाचे नाही, आणि मंडळाच्या नावाचे प्रत्येक पॅकेट तो सर्व पोर्टांवर ओतत राहणार. म्हणजे तिसरी रीत म्हणून जी आणली ती दुसरी होऊन बसली, भोंगा झाला. आणि हा भोंगा फुकटचा नव्हे. एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदास चार मेगाबिट धरा. असे तीस कॅमेरे झाले की १२० मेगाबिट झाले. दाराशी जे हजेरीचे यंत्र लावलेले असते त्याची तार १०० मेगाबिटांची. ज्या यंत्रास चित्रांशी काही कर्तव्य नाही त्याचा गळा त्या चित्रांनीच आवळला जातो, आणि कामगाराचा अंगठा उमटत नाही.

यावर उपाय असा केला की ऐकणाऱ्यानेच आपण ऐकत आहो हे सांगावे. त्यासाठी ठरलेल्या भाषेस आयजीएमपी म्हणतात. ज्या यंत्रास मंडळाचे निरोप हवे असतील ते मोठ्याने म्हणते, ‘अमुक मंडळात मी आहे.’ दोन जाळी जेथे जोडली जातात तेथे राउटर नावाचे यंत्र असते. ते दर १२५ सेकंदांनी विचारते, ‘कोणकोण कोणत्या मंडळात आहे?’ यावर दहा सेकंदांच्या आत उत्तर यावयाचे. सर्वांनी एकदम ओरडू नये म्हणून प्रत्येक जण त्या दहा सेकंदांतील कोणता तरी क्षण आपल्यापुरता निवडतो. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत एक गंमत आहे : शेजाऱ्याने आधी उत्तर दिल्याचे ऐकू आले तर आपण गप्प बसावयाचे. कारण राउटरला माणसे मोजावयाची नसतात, त्या आळीत एक तरी ऐकणारा आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही मुभा काढून टाकली. तेथे प्रत्येकाने आपापले उत्तर द्यावे असा नियम आहे, आणि ‘मला अमुकाचेच बोलणे हवे, दुसऱ्याचे नको’ असेही सांगता येते.

हा सवालजवाब राउटर आणि ऐकणारी यंत्रे यांच्यामधला आहे. स्विच बिचारा मधला हमाल. त्यास कोणी काही सांगत नाही. तेव्हा तो कान लावून ऐकतो. इंग्रजीत या कृतीचे नावच स्नूपिंग, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणे असे आहे. मालकाच्या कानाला लागलेल्या माणसांशी आमचे आयुष्यभर वाकडे. पण या एका चोरट्या श्रोत्याची आम्ही भर सभेत तरफदारी करतो. तिसऱ्या पोर्टवरून ‘मी आहे’ असे ऐकू आले की तो मंडळाच्या नावापुढे तीन लिहितो. अकरावरून आले की अकरा लिहितो. आणि राउटर ज्या पोर्टवर आहे तोही लिहून ठेवतो. यापुढे मंडळाचे पॅकेट आले की त्याच्या प्रती फक्त या पोर्टांवर निघतात. प्रती काढण्याचे काम स्विचच्या पोटातील चिप करते. पॅकेट एकदाच साठवून ठेवतात आणि यादीतील प्रत्येक पोर्टास ते तेथून उचलावयास सांगतात. यात आधी कोण आले, मागाहून कोण आले, असा क्रम लागत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

सभासदत्वाचा नियम मात्र फार कडक आहे. ‘मी जातो’ असे सांगून गेलात तर राउटर त्या मंडळाच्या नावाने पुन्हा दोन वेळा विचारतो, आणि कोणी बोलले नाही तर सेकंद-दोन सेकंदांत नाव कमी होते. न सांगता गेलात, तर दोन सवालांचा वेळ आणि वर दहा सेकंद, म्हणजे २६० सेकंद वाट पाहून नाव काटले जाते. आमच्या संघटनेत वर्गणी थकली तर वर्षभर कोणी काही म्हणत नाही. येथे चार मिनिटे वीस सेकंद.

या चार मिनिटे वीस सेकंदांमुळेच आम्ही या विद्येच्या वाटेस गेलो. या भागातील एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, रात्री कॅमेऱ्यांची चित्रे बंद पडू लागली. फाटकावरील पहारेकऱ्याने पडदा बंद करून पुन्हा चालू केला की चित्रे येत. थोड्या वेळाने पुन्हा काळा पडदा. रात्रपाळीचा वायरमन तारा हलवितो असा संशय घेऊन व्यवस्थापनाने त्यास कारणे दाखवा नोटीस दिली, आणि त्या पाठोपाठ खातेनिहाय चौकशी लागली. आम्ही चौकशीत त्याच्या बाजूने उभे राहिलो. तारा, स्विच यांतले तेव्हा आम्हांस ओ की ठो कळत नव्हते. पण घड्याळ कळत होते. आम्ही एक रात्र फाटकावर बसून पडदा चालू केल्यापासून तो काळा होईपर्यंतचा वेळ सात वेळा लिहून काढला. सातही वेळा तो सव्वाचार मिनिटांच्या किंचित पुढे भरला. माणसाचा खोडसाळपणा असा घड्याळाबरहुकूम चालत नाही. त्यातून त्या रात्री त्या वायरमनची सुट्टी होती. हा आकडा घेऊन आम्ही नेटवर्कचे काम करणाऱ्या एका सभासदाच्या मुलाकडे गेलो. त्याने तो ऐकताच विचारले, ‘काका, तिथला राउटर बदललाय का?’ बदलला होता. महिन्यापूर्वी जुना जळाला म्हणून स्वस्तातला नवा बसविला होता, आणि हा नवा राउटर ‘कोण आहे?’ असे विचारतच नव्हता. पडदा चालू झाला की तो आपण होऊन एकदा ‘मी आहे’ म्हणे, स्विच ते लिहून घेई. त्यानंतर कोणी विचारले नाही म्हणून तो बोलला नाही. बोलला नाही म्हणून २६० सेकंदांनी स्विचने त्याचे नाव काटले. सारी यंत्रे आपापल्या नियमाने अचूक वागत होती आणि एका माणसाची नोकरी जावयाची वेळ आली होती. यावर इलाज फुकटचा निघाला. राउटर विचारीत नसेल तर स्विचनेच विचारावे अशी सोय त्या स्विचमध्ये होती, ती चालू केली. नोटीस मागे घेण्यात आली. दिलगिरी व्यक्त करण्याची पद्धत त्या कारखान्यात नाही.

आतापर्यंत एका आळीतील गोष्ट झाली. निरोप आळी ओलांडून दुसऱ्या गावी जावयाचा असेल तर राउटरांस आपसांत बोलावे लागते. त्या भाषेस पिम म्हणतात. तिचे बारकावे आज सांगत नाही, दोन गोष्टी मात्र सांगण्याजोग्या आहेत. एक अशी की या निरोपाचे झाड मुळाकडून पानांकडे वाढत नाही, पानांकडून मुळाकडे वाढते. ज्या राउटरकडे ऐकणारा आला तो वरच्यास सांगतो, वरचा त्याच्या वरच्यास. वाटेत जेथे आधीची फांदी भेटेल तेथे हे सांगणे थांबते. बोलणारा कोठे आहे हेच ठाऊक नसेल तर सर्वांनी आधी एका ठरलेल्या राउटरशी जमावयाचे, जसे आपण परगावच्या माणसास शाहू पुतळ्यापाशी उभे राहावयास सांगतो. बोलणाऱ्यास श्रोत्यांची यादी ठेवावीच लागत नाही. तो एकदा बोलतो. किती जण ऐकतात हे त्यास ठाऊकही नसते. दुसरी गोष्ट अफवेबद्दलची. निरोप जाळ्यात गोल गोल फिरत राहिला तर प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती दुप्पट होतील. म्हणून राउटरचा नियम असा : मला जर बोलणाऱ्याकडे जावयाचे असते तर मी ज्या रस्त्याने गेलो असतो, त्याच रस्त्याने आलेला निरोप खरा, दुसऱ्या रस्त्याने आलेला टाकून द्यावयाचा. हा नियम माणसांस लावता आला असता तर संपाच्या काळात आमचे पुष्कळ कष्ट वाचते.

एक किरकोळ हकीकत जाता जाता. मंडळाच्या पत्त्याचे स्विचच्या क्रमांकात रूपांतर करताना २८ बिटांतील २३ च टिकतात, म्हणून बत्तीस मंडळांस एकच क्रमांक वाट्यास येतो. डीअरिंग यांस क्रमांकांचे सोळा गट हवे होते, परंतु प्रत्येक गटास हजार डॉलर पडत असल्याने एकच विकत घेतला गेला आणि त्याचाही अर्धाच त्यांच्या हाती आला, असे सांगतात. पैशाची टंचाई चळवळींसच असते असे नाही.

आता मुंबईकडे वळू, कारण या विद्येची खरी परीक्षा तेथे झाली. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या बाजारात शेअरांचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाले. त्या काळी दलालांच्या छपरांवर उपग्रहाच्या थाळ्या असत. उपग्रह भाव खाली सोडी आणि तो साऱ्या थाळ्यांवर बरोबरच पडे. आकाशातून पडणाऱ्या पावसास अमक्याचे छप्पर आधी असे करता येत नाही. पुढे व्यवहार माणसांऐवजी यंत्रे करू लागली, तेव्हा बाजाराने आपल्याच इमारतीत दलालांच्या यंत्रांस भाड्याने जागा दिली. तेथे बाजारात होणाऱ्या प्रत्येक हालचालीची बातमी त्यांस तारेने मिळू लागली. २०१० पासून ही बातमी टीसीपी पद्धतीने, म्हणजे आमच्या टेलिफोनच्या रीतीने दिली जाई. बाजाराचा सर्व्हर आपल्या यादीतील पहिल्यास प्रत देई, मग दुसऱ्यास, मग तिसऱ्यास. यादीचा क्रम सकाळी जो आधी जोडला गेला त्याप्रमाणे. अंतर सेकंदाच्या बारीक अंशाचे. पण ज्या यंत्रास त्या अंशात खरेदी-विक्री करता येते त्यास तेवढे पुरते. सकाळी सर्वांत आधी जोडून घेणे आणि ज्या सर्व्हरवर गर्दी कमी तो धरणे, यालाच किंमत आली.

जानेवारी २०१५ मध्ये एका निनावी पत्राने ही गोष्ट बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीस कळविली. त्या पत्राची प्रत पत्रकार सुचेता दलाल यांजकडे गेली, आणि जूनमध्ये ‘मनीलाइफ’ने हा विषय प्रसिद्ध केला. बाजाराने १०० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनाईचा अर्ज फेटाळून उलट बाजारासच ५० लाख रुपये भरावयास लावले. सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली, मात्र पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून १०० कोटी भरावयास सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये संगनमताचा पुरावा नाही म्हणून सेबीने ते आरोप सोडून दिले. कायद्याच्या अंगाने काय म्हणावयाचे ते कायदेपंडितांनी म्हणावे. आमचे म्हणणे एवढेच की संगनमत असो वा नसो, जेथे प्रत बोलणाऱ्याच्या टेबलावर एकामागून एक निघते तेथे कोणीतरी पहिला असतोच. त्यासाठी कोणी लबाडी करावी लागत नाही. टीसीपीनंतर त्या बाजाराने हीच बातमी मल्टिकास्टने देण्यास सुरुवात केली. सर्व्हर एकदा बोलतो, प्रती स्विचमध्ये निघतात. सकाळी पाचला उठून जोडून घेणाऱ्याचा लाभ त्यासरशी संपला.

तरीही हा समतेचा विजय झाला असे कोणी समजू नये. मल्टिकास्टने सारखे झाले ते त्या इमारतीत जागा भाड्याने घेणारे. तेथेही तार लांब की आखूड हा प्रश्न उरतोच. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराने तर आपल्या केंद्रात प्रत्येकाची तार मोजून सारखी ठेवली आहे. आणि तुमच्या-आमच्या हातातील मोबाईलचे काय? सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट चालत नाही. कोणत्या कंपनीने कोणाच्या प्रती आपल्या राउटरांत काढावयाच्या आणि त्याचे पैसे कोणी द्यावयाचे हे कधी ठरलेच नाही. म्हणून मोबाईलवर दिसणारा कापसाचा भाव आजही टेलिफोनच्या रीतीने, एकेकास स्वतंत्र प्रत काढून येतो. या रीतीत आणखी एक उणेपण आहे, तेही लपवीत नाही : मल्टिकास्टमध्ये पोच मिळत नाही. पॅकेट वाटेत पडले तर बोलणाऱ्यास कळत नाही. म्हणून जेथे चुकणे परवडत नाही तेथे एकच निरोप दोन स्वतंत्र रस्त्यांनी पाठवितात, प्रत्येकावर अनुक्रमांक घालतात, आणि मधला अंक गळाला की ऐकणारा तेवढीच प्रत वेगळी मागून घेतो. तेवढ्यापुरता पुन्हा टेलिफोन.

या टेबलावर दोन स्विच मांडले आहेत. डावीकडचा आठ पोर्टांचा, बाजारात सहज मिळणारा. त्यास कान लावता येत नाही. उजवीकडच्यास येतो. दोहोंस एकेक कॅमेरा आणि तीन तीन यंत्रे जोडली असून त्यांतील एकच यंत्र चित्र पाहत आहे. डावीकडे चारही दिवे वेगाने लुकलुकताना दिसतील, उजवीकडे दोनच. लहान मुलांस पुढे येऊ द्यावे. प्रश्न असतील ते त्यानंतर घेऊ.